गैरहजर सदस्याशी लावलेली जोडी

“हरकत! अध्यक्षमहाराज, माझी हरकत आहे! सन्माननीय सदस्यांच्या तोंडात घास आहे. घास तोंडात ठेवून प्रस्ताव मांडता येत नाही!”

हे तू ओरडत होतास, गनी. मस्कतमध्ये, दार्सैतच्या आपल्या खोलीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभा राहून, हातात आमटीची पळी घेऊन. ओरडणं असं की खालच्या मलबारी दुकानदाराने शटर अर्धं ओढून घेतलं आणि देवळाकडून येणाऱ्या बायकांनी रस्ता ओलांडून पलीकडचा फुटपाथ धरला. रुवीच्या सिग्नलला गाड्या थांबल्या होत्या असं मी लोकांना सांगतो. सिग्नल लाल होता हे सांगत नाही. तो घास माझ्या तोंडात होता आणि प्रस्तावही माझाच होता.

तो शुक्रवार. पुढच्या बुधवारी, ऊन उतरताना, मी मस्कतपासून दूर, समुद्रकाठच्या सहमच्या कब्रस्तानात उभा होतो आणि माझ्या मुठीत माती होती. ह्या दोन गोष्टी एकाच आठवड्यात कशा मावतात हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही. मी बसवून बघतोय. बसत नाहीत.

तू कुठे जन्मलास, मस्कतला कधी आलास, मागे कोण कोण आहे, हे मी लिहिणार नाही. ते सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलंच, तुझ्या पासपोर्टच्या फोटोसकट, ज्यात तू स्वतःच्याच साखरपुड्याला घाबरलेला दिसतोस. मी बोलताना गोष्टी फुगवतो हे तुझं जुनं मत. इथेही थोड्या फुगतील. तू हरकत घे.

मी जरा थांबलो होतो. घेतली नाहीस.

तुला हे वेड लागलं ते मदिनत सुलतान काबूसच्या साहेबी वस्तीतल्या एका बंगल्यात. तू एसी दुरुस्त करायला गेलास, आणि तिथे एक म्हातारे अमेरिकन गृहस्थ लेकीकडे राहायला आलेले. ते दिवसभर आपल्या देशाची संसद बघत बसायचे, जशी आपल्याकडे आजोबा माणसं क्रिकेट बघतात. तू शिडीवरून बघत होतास. संध्याकाळी खोलीवर आलास तो चेहरा पांढरा करून.

“बाळ्या, हॉल रिकामा होता रे.”

एक खासदार हात वर करकरून, गळ्याच्या शिरा ताणून, देश कसा बुडाला ते सांगत होता, आणि कॅमेरा जरासा सरकला तर समोर नुसत्या खुर्च्या. दुसऱ्या सभागृहात तर त्याहून मोठी कमाल. एक कारकून एकेक नाव हळूहळू वाचतोय, कुणी ‘हजर’ म्हणत नाही, आणि टीव्हीवाल्यांनी वर व्हायोलिन लावलेलं. म्हाताऱ्याने तुला समजावलं की ही हजेरी कुणी यावं म्हणून नसतेच. आत कुठेतरी दार लावून देवाणघेवाण चाललेली असते, तोवर वेळ काढायचा. जगातली सगळ्यात मोठी फौज ज्यांच्या मतावर पोसली जाते ती माणसं व्हायोलिन लावून वेळ काढतात, ह्या धक्क्यातून तू कधी बाहेर आलाच नाहीस. त्या बंगल्यातला एसी पुढे फार वेळा बिघडला. तू बिघडवायचास असं मी म्हणत नाही. एसी म्हणेल.

तेव्हापासून तुझी भाषा बदलली. तुझं गाव खाडीच्या अलीकडे आणि माझं पलीकडे, म्हणून मी झालो ‘खाडीपलीकडचे माझे परममित्र, सन्माननीय सदस्य’. तिकडे म्हणे एखाद्याचा गळा कापायचा असला की आधी त्याला परममित्र म्हणावंच लागतं, नियमच आहे. तू मला सकाळी बाथरूमच्या दाराबाहेरूनही असाच हाक मारायचास. “परममित्रांनी आपला उरलेला वेळ मला द्यावा, मला ड्यूटीला उशीर होतोय.”

आपल्या मेसची घटना साधी होती. आठ माणसं, आठ मतं. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की जेवण, जेवणानंतर बैठक. तिसऱ्या प्रहरी असरची अजान झाली की बैठक खलास, कारण निम्मे जण उठून मशिदीत जाणार आणि त्यांच्या पाठीमागे काही ठरवायचं नाही, हा पहिल्यापासूनचा रिवाज. मतं सारखी पडली तर आहे ते तसंच चालू. अध्यक्ष रायगडचा सलीम, कारण खोली त्याच्या नावावर.

आणि स्वयंपाकघरात तात्या. लेबर कॅम्पातली स्वयंपाकाची नोकरी गेल्यावर ते आपल्याकडे आले. माणूस म्हणजे गाय, आणि हाताची चव म्हणजे त्या गायीने दिलेली लाथ. तात्यांच्या चपातीने मी चपलेचा अंगठा शिवून घेतलाय. त्यांची आमटी जिथे सांडली तिथली फरशी आजही शेजारच्या फरशांपेक्षा गोरी आहे. सलीमचं पोट बघून डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही बॅटरीचं पाणी पिता का? ही शेवटची गोष्ट थाप नाही, गनी, ह्याला तू साक्षीदार आहेस. होतास.

म्हणून मी प्रस्ताव आणला की बाहेरून डबे लावायचे आणि तात्यांना मोकळं करायचं. मोकळं करायचं म्हणजे घरी पाठवायचं, हे सगळ्यांना कळत होतं. घर म्हणजे संगमेश्वराजवळ भावाचं घर, आणि गेल्या सुट्टीत भावाने त्यांची पथारी पडवीत टाकली होती, हेही सगळ्यांना माहीत होतं. तात्या कधी एक शब्द बोलले नाहीत. बैठक चालू असताना ते आत भांडी घासायचे, आणि आपलं नाव निघालं की नळ मोठा करायचे.

पहिल्या शुक्रवारी डब्यांच्या बाजूने आम्ही पाच होतो, तात्यांच्या बाजूने तुम्ही तीन. सलीम मतं मोजणार एवढ्यात तू पळी घेऊन उभा राहिलास. म्हणालास, तिकडच्या वरच्या सभागृहात माणूस उभा राहून बोलतोय तोवर मत घेता येत नाही. बसायचं नाही, टेकायचं नाही, फक्त बोलत राहायचं. आणि बोललास. खाडीतल्या सगळ्या माशांची नावं सांगितलीस, मग ते पकडायचे कसे, मग ते निसटतात कसे. कपडे धुण्याच्या पावडरीचं खोकं उजवीकडून डावीकडे अरबीत वाचलंस, मग डावीकडून उजवीकडे इंग्रजीत. स्प्लिट एसी भिंतीला लावायच्या सूचना वाचल्यास, आणि कॉम्प्रेसरचं वर्णन करताना तुझा आवाज भरून आला. क्रेनवाला पेडणेकर दोनदा झोपला, दोनदा उठला, तिसऱ्यांदा उठला तेव्हा त्याला दाढी आली होती. मग अजान झाली. तू पळी खाली ठेवलीस, टोपी घातलीस आणि जिन्याने खाली गेलास. पुढच्या शुक्रवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

मी खवळलो होतो ते खरं. तिघांनी पाचांना अडवायचं ही कुठली लोकशाही? तू म्हणालास, “पाच काय, पुढच्या शुक्रवारीही पाचच असतील. ज्याचं बिऱ्हाड उठणार त्याला एक आठवडा मिळाला ना.” मी इंटरनेटवर बसून तयारी करून आलो. तुला सुनावलं की तुझ्या ह्याच लाडक्या नियमाने तिकडे काळ्या लोकांच्या हक्कांचे कायदे वर्षानुवर्षं अडवून धरले होते, तेही उभं राहून, बोलबोलून. तेव्हा तू माझ्याकडे न बघता चहा ओतून घेतलास. मला वाटलं जिंकलो. तू चहा अर्धा प्यायलास आणि म्हणालास, “पळी तीच असते रे. वाढणाऱ्याकडे बघायचं.” हे उत्तर मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटलेलं नाही. ह्यावर मला तुझ्याशी पुन्हा भांडायचं होतं. मुद्दे काढून ठेवलेत.

मग तू दुसरी विद्या दाखवलीस. म्हणालास, बोलून वेळ मिळतो, मतं मिळत नाहीत, मतं दाराआड मिळतात. पेडणेकर आमच्यातला. क्रेन चालवून उन्हात भाजून यायचा आणि एसीखालच्या पलंगाकडे वखवखलेल्या नजरेने बघायचा. तो पलंग तुझा. एका शुक्रवारी पेडणेकरने डोळे खाली घालून तात्यांच्या बाजूने हात वर केला, आणि त्या रात्रीपासून एसीखाली पेडणेकर घोरायला लागला. मी ‘घोडेबाजार, घोडेबाजार’ म्हणून छाती पिटली. तू गालातल्या गालात हसत तुझी गादी दारापाशी टाकलीस. गावभर एसी थंड करत हिंडणारा माणूस, आणि झोपायला अशा जागी जिथे एसीची फक्त बातमी यायची.

तर चार विरुद्ध चार. आहे ते चालू. तात्या राहिले.

शेवटच्या शुक्रवारी, तुझं खुर्चीवरचं ओरडणं झालं, माझा घास गिळून झाला, मतं पुन्हा चार-चार पडली, तेव्हा तू ती गोष्ट सांगितलीस. तिकडे एका मोठ्या नेमणुकीवरून रणकंदन चाललं होतं, एकेक मत म्हणजे सोनं. नेमकं त्याच दिवशी बाजूने मत देणाऱ्या एका सदस्याच्या मुलीचं लग्न. तो जाणार लग्नाला, त्याचं एक मत कमी. तेव्हा विरुद्ध मत असलेली एक बाई उठली आणि म्हणाली, माझं मत नेमणुकीच्या विरोधात आहे, पण तो इथे असता तर त्याने बाजूने दिलं असतं, म्हणून मीही देत नाही. माझ्या नावापुढे नुसतं ‘हजर’ लिहा. तिकडे ह्याला जोडी लावणं म्हणतात, जुनी चाल आहे. गैरहजर माणसाच्या गैरहजेरीचा फायदा घ्यायचा नाही, एवढंच. हे सांगताना तुझे डोळे असे काही चमकत होते की जणू बाई तुमच्या वाडीतलीच.

आणि लगेच हळूच म्हणालास, “पुढच्या शुक्रवारी मी सहमला असणार. मासळीच्या कोल्ड स्टोरेजचं काम आहे, उरकणार नाही. माझ्याशी जोडी लावशील?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत नळ मोठा झाला.

मी वकिली काढली. त्या बाईचं काय गेलं? तिच्या मताने निकाल फिरणारच नव्हता, जोडी लावली तरी तेवढंच अंतर, नाही लावली तरी नेमणूक होणारच. फुकटातलं मोठेपण. मी म्हटलं, “गनी, खरं सांग. तिच्या एका मतावर सगळं अडलं असतं, तर तिने ठेवलं असतं का मत खिशात?”

तू तोंड उघडलंस आणि अजान झाली.

टोपी घालताना म्हणालास, “सहमहून आलो की देतो उत्तर. जोडीचं काय?”

“इन्शाल्ला,” मी म्हटलं. वाढीव पगाराबद्दल आपला मालक, अर्बाब, म्हणतो तशातलं इन्शाल्ला. तुला ते कळलं. तू हसून गेलास.

बुधवारी सकाळी सलीमचा फोन आला आणि मी हसलो. मला वाटलं तू त्याला पढवलंयस. आयुष्यभर लोकांना न घडलेलं खरं म्हणून सांगितलं मी, आणि मला कुणी घडलेलं सांगितलं तर मी विचारतोय, कोण म्हणतं? सलीमने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. कोल्ड स्टोरेजच्या गच्चीवरून उतरलास म्हणे, पाणी मागितलंस, भिंतीला टेकून बसलास. पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं सगळं. टेकलास, गनी. तूच सांगायचास ना, टेकायचं नाही म्हणून.

पेडणेकरच्या गाडीतून आम्ही सहमपर्यंत गेलो. काचा खाली, गरम वारा तोंडावर. एसी लावायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. पोचलो तेव्हा असरची अजान होत होती, आणि मी सवयीने बैठक मोडल्यासारखा उठलो, इकडेतिकडे बघायला लागलो की आता तू टोपी घालशील आणि जिना उतरशील. नमाज होईपर्यंत मी भिंतीपाशी चपला सांभाळत उभा होतो. मग सगळं इतकं भराभर झालं की मी नीट बघूही शकलो नाही. आमच्यात निदान लाकडं रचायला तरी वेळ लागतो. मूठ माती टाकू का नको, माझा हात चालेल का, मला कळेना. सलीमने माझं मनगट धरून पुढे ओढलं. म्हणाला, “टाक.” तुझ्या लेकीने तिकडून फोनवर सगळं बघितलं. फोन पेडणेकरने धरला होता.

आणि शुक्रवारी जेवण झाल्यावर सलीमने घसा साफ करून बैठक सुरू केली. मला बसलेला हा दुसरा धक्का. तुझी गादी अजून दारापाशी गुंडाळलेली. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने नजर वळवली. पण त्याचंही चूक नव्हतं रे. सहमहून येताना तो लहान पोरासारखा रडला होता, आणि पोट धरूनच रडला होता. डबेवाल्याला जबाब द्यायचा होता. तो म्हणाला, एकदाचं मिटवून टाकू, रोज रोज त्या म्हाताऱ्याच्या मानेवर सुरी नको.

हिशोब लहान मुलालाही कळणारा होता. तू नाहीस. त्यांचे तीन, आमचे चार. प्रस्ताव पास.

मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होतो. मी कबूल झालोच नव्हतो. आणि जोडी लग्नाला गेलेल्याशी लावतात, गेलेल्याशी नाही. तुझ्या अमेरिकेतही मेलेल्या सदस्याची जागा रिकामी धरतात, त्याचं मत कुणी धरत नाही. शिवाय मला डबे हवेच आहेत, मनापासून हवे आहेत, ह्यात माझं काही चुकतंय असं मला आजही वाटत नाही. हे सगळे मुद्दे बिनतोड होते. खोडायला तू हवा होतास. शुक्रवारी तू नसशील असं म्हणाला होतास, आणि त्या एका बाबतीत शब्दाला फार जागलास.

सलीमने एकेकाचं नाव घेतलं. तीन डब्यांच्या बाजूने. तीन तात्यांच्या बाजूने, पेडणेकर त्यांच्यात, मान ताठ ठेवून. त्याला आता कुणी पलंग देणार नव्हतं. मग सलीम माझ्यापाशी आला. आत भांड्यांचा आवाज नव्हता. नळ बंद होता.

“हजर,” मी म्हणालो.

“हजर आहेस ते दिसतंय. मत सांग.”

“मत डब्यांच्या बाजूने आहे. देत नाही. गनी गैरहजर आहे.”

मला वाटलं सलीम आता भडकणार. तो उठला, कपाटावरची पोटाची गोळी घेतली, पाणी प्यायला आणि म्हणाला, तीन-तीन, आहे ते चालू.

तूच सांगितलं होतंस की तिकडे सभागृहात न केलेलं भाषणही सदस्य परवानगी मागून इतिवृत्तात घालू शकतो, बोलल्यासारखं छापून येतं. मी ह्यावर किती हसलो होतो. माझ्यासारख्या थापाड्यांचाच देश म्हणून. तर परममित्रा, मला आता ती परवानगी हवी आहे. तू माझ्या तापात रात्रपाळी करून आल्यावर माझ्या डोक्यावर पट्ट्या ठेवल्यास तेव्हा मी काही बोललो नव्हतो. माझ्या आईच्या वेळी मला विमानात बसवून दिलंस आणि माझी ड्यूटी तू केलीस, तेव्हाही नाही. ते बोललो होतो असं लिहून घे. खोली रिकामी आहे, समोर नुसत्या खुर्च्या आहेत, त्यातल्या एकीचा पाय तुझ्या नाचण्याने वाकलेला आहे, आणि मी हात वर करकरून बोलतोय. तुला जे बघून धक्का बसला होता, ते मी आहे.

पण तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. तिच्या एका मतावर सगळं अडलं असतं तर तिने ठेवलं असतं का खिशात? तू काय म्हणणार होतास? छाती फुगवून ‘अर्थात’ म्हणणार होतास, की डोळा मारून ‘छे रे, राजकारण आहे ते’? माझं उत्तर मी देऊन बसलो, आणि बरोबर आलं की चूक, हे तपासणारा सहमला झोपलाय. हे बरं नाही केलंस.

बैठक मोडल्यावर मी आत गेलो. तात्या ओट्याकडे तोंड करून उभे होते, हात कोरडे. मी म्हटलं, “तात्या, प्रस्ताव पडला. तुम्ही राहताय.”

त्यांनी नळ सोडला, हात ओले केले, खांद्यावरच्या फडक्याला पुसले.

“कांदे संपलेत,” ते म्हणाले. “गनीभाई आणायचे.”